म्याडमचा भरलेला ट्रे

दुसऱ्यांना वळण लावायची मला लहानपणापासून हौस. घरात कुणी लावून घेईना, म्हणून मी शिक्षणही त्यातलंच घेतलं आणि नोकरीही त्यातलीच धरली. शहापूर आणि वाशिंदच्या मधे हायवेवरून आत वळलं की विजेचे स्विच जोडणारा एक लहानसा कारखाना लागतो. तिथे मी मनुष्यबळ अधिकारी आहे. मुरबाडजवळच्या आमच्या गावातून रोज स्कूटीवर किन्हवलीच्या रस्त्याने जाते. वाटेतले खड्डे चुकवताना त्या दिवशीचं भाषण मनात जुळवून घेते, म्हणजे जुळवून घ्यायची. आता ते बंद आहे. का बंद आहे, तेच सांगते.

कारखान्यात एक लांब टेबल आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना बाया बसतात आणि स्विच जोडतात. पोटात पितळी पट्टी बसवायची, तिच्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर बटण, वरून झाकण दाबायचं. टक् असा आवाज आला की स्विच ट्रेमध्ये. बहुतेक जणी तानसाकडच्या गावांतून जीपने येतात. सगळ्यांच्या घरी थोडीफार भातशेती आहे, आणि सगळ्यांच्या तोंडात दिवसभर गप्पा.

कल्याणला एका वर्गात मला शिकवलं होतं की प्रत्येक कंपनीला तिची अशी एक संस्कृती असावी लागते, आणि ती वरून खाली झिरपते. टेबलाच्या वर मीच होते, त्यामुळे झिरपायची जबाबदारी माझ्यावर आली. मी भिंतीवर तीन पाट्या लावून घेतल्या: एकजूट, सचोटी, आपुलकी. खिळे चांगले भक्कम होते. दुसऱ्याच दिवशी बायांनी त्यांना डब्याच्या पिशव्या अडकवल्या. आपुलकी तर पिशव्यांमागे पुरती झाकून गेली. मग ‘इथे पिशव्या अडकवू नयेत’ अशी चौथी पाटी मी लावली. तिच्या खिळ्याला छत्री आली.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मी या मूल्यांवर बोलायची. बाया शांत बसून ऐकायच्या. टेबलाच्या टोकाला एक वहिनी बसते. जिभेला चांगली धार आहे तिच्या. एकदा माझं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, “म्याडम, उद्या पन बोलाल ना?”

मला भरून आलं. “बोलेन की. का हो, आवडतं का?”

“नाय, तुमी बोलता तवर मोठा पंखा चालू असतो. मग बंद करतात.”

मला राग आला. तो मी गिळला, साहेबांशी भांडून पंखा दिवसभर चालू ठेवायला लावला, आणि भाषण थोडं वाढवलं.

साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. कल्याणहून येतात, घाईत असतात. गेल्या वर्षी एक मोठं गिऱ्हाईक मिळालं तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं, “मॅडम, याच माणसांत आणखी माल निघेल का? अंदाज घ्या जरा.” दुसऱ्या कुणी हजेरी बघून, टेबलापाशी उभं राहून अंदाज घेतला असता. मला मात्र आठवलं की पुढारी माणसाने आधी स्वतः करून दाखवायचं असतं. मी ओढणी खोचली आणि टेबलावर बसायला गेले.

बायांनी लगेच जागा केली. मी कडेला बसत होते, तर वहिनी म्हणाली, “कडंला नको, मधी बसा. मधी वारा बरा लागतो.” मला त्यांचं अगत्य आवडलं. माझ्या डाव्या हाताला एक मावशी होत्या. वयाने टेबलावर सगळ्यात मोठ्या, आणि बोलायला सगळ्यात कमी. उजव्या हाताला वहिनी आपली टोकाची जागा सोडून येऊन बसली.

सुरुवातीला माझ्या बऱ्याच स्प्रिंगा उडाल्या. एक समोरच्या बाईच्या केसांत गेली, ती तिने काढून माझ्या हातात दिली. मग गप्पा सुरू झाल्या. लग्न कधी करणार, स्कूटी किती पळते, कल्याणच्या वर्गात काय शिकवतात. बोलायला लागले की मला भान राहत नाही. मी सांगत गेले, हात चालत राहिले. मधूनमधून वहिनी माझ्या समोरून हात घालून स्प्रिंगा घ्यायची, मावशी झाकणं घ्यायच्या. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा खाली पाहिलं तर माझा ट्रे काठोकाठ भरलेला, बाकीच्यांच्या बरोबरीने.

पदवी मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी तो ट्रे स्वतः उचलून साहेबांच्या केबिनमध्ये नेला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. “सर, मी आज पहिल्यांदा बसले. मी एवढं करू शकते, तर या रोजच्या बाया किती करतील, विचार करा.”

साहेबांनी विचार केला. टार्गेट वाढलं. शिवाय मी माझ्या डोक्यातली एक सूचना दिली: प्रत्येकीच्या ट्रेवर तिच्या नावाचं स्टिकर लावू या, म्हणजे ज्याचं त्याचं काम वेगळं दिसेल आणि एकजूट वाढेल. हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. साहेबांनाही खटकलं नाही, आणि ते इंजिनिअर आहेत.

त्यानंतर टेबल गप्प झालं. आधी मला वाटलं शिस्त आली. मग माल परत यायला लागला, एकात स्प्रिंग नाही, एकात पट्टी उलटी. बाया एकमेकींकडे न बघता काम करायच्या, एकीचं कोपर दुसरीला लागलं तरी भांडण व्हायचं. एवढं करून टार्गेट गाठताना सगळ्यांची दमछाक व्हायची. मावशींचं तर जवळपासही जायचं नाही. त्यांचा एक हात पूर्वी कधीतरी मोडला होता, त्याची दोन बोटं नीट मिटत नाहीत. साहेबांनी बाया पुरवणाऱ्या ठेकेदाराला सांगून टाकलं की महिनाअखेरीला जिचा ट्रे कमी भरेल तिला पुढे बोलवू नका. मावशींच्या घरी दुसरं कुणी कामाला जात नव्हतं, हे टेबलावर सगळ्यांना माहीत होतं.

मी हात बांधून बसले नाही. मावशींना माझ्या खुर्चीसमोर बसवलं आणि आत्मविश्वासावर बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“इस्वास आहे, म्याडम,” त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “बोट मिटत नाय.”

त्या संध्याकाळी मी घरी आले ती तणतणतच. आई ओसरीवर वाल सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, मावशींची काळजी वाटते तेही सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, “पण जमत नाही असं नाही गं. मी स्वतः बसले होते. पहिल्याच दिवशी माझा ट्रे भरला.”

आईचे हात थांबले. “तुला मधी बसवलेली काय?”

“हो. वारा लागतो म्हणून.”

आई हसायला लागली. वाल मांडीवरून सांडले तरी थांबेना. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “अगो, तू शाळेत असताना हट्ट करून एकदाच लावणीला आलेलीस. तवापन मधीच उभी केलेली तुला. दोनी बाजूच्या बायांनी तुझी पात लावली. आणि घरी येऊन तू बापाला सांगतेस, मी सगळ्यांच्या बरोबर बांधाला लागले.”

ते मला आठवत होतं. बांधाला सगळ्यांच्या बरोबर लागल्याचं तर मी शाळेत निबंधातही लिहिलं होतं. आईने मग समजावून सांगितलं, तिच्या दृष्टीने यात समजावण्यासारखं काही नव्हतं तरी. लावणीला बाया ओळीने उभ्या राहतात, प्रत्येकीची आपली पट्टी, तीच पात. कुणी बाळंतीण असते, कुणाची कंबर धरलेली असते, कुणी नवखी. तिला मधे घ्यायचं आणि शेजारणींनी आपला हात थोडा लांबवून तिच्या पातीतली रोपं लावत जायचं. ओळ मोडायची नाही. मागे पडलेली एकटी चिखलात राहिली की तिचंही कामात मन लागत नाही आणि इतरांचंही.

“मग मला सांगितलं का नाही कुणी?” मी विचारलं.

“ते काय सांगायचं असतं?”

मला लाज वाटली. त्याच्या आधी राग आला, हेही खरं. वहिनीचा हात माझ्यासमोरून स्प्रिंगा घ्यायला येत नव्हता, स्विच टाकायला येत होता. आणि मावशी कायम मधेच बसायच्या, हे मी रोज बघत होते. त्यांचा ट्रे इतकी वर्षं भरत होता तो असा. मी त्यावर स्टिकर लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीला गाठलं. “तुम्ही माझा ट्रे भरलात, मग मावशींचा का भरत नाही आता?”

“टाइम कुठं उरतो, म्याडम? आपलंच पुरं होत नाय,” ती म्हणाली. “आन् तुमी ट्रेवर नाव लिवलंय. एकीच्या नावावर दुसरीनं टाकलं तर ते खोटं झालं ना? तुमीच सांगता ते रोज, सचोटी का काय.”

माझ्या भाषणातला एकच शब्द कुणीतरी मनावर घेतला होता, आणि तो हा.

मी साहेबांकडे गेले. टार्गेट कमी करा, म्हटलं. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्हीच तर भरून दाखवलात.” तो ट्रे माझा नव्हता असं सांगितलं तर त्यांना ते विनय वाटलं. शेवटी मी एक रिकामा ट्रे आणि सगळा सुटा माल त्यांच्या केबिनमध्ये आणला आणि त्यांच्यासमोर बसले. केबिनला काच आहे. पलीकडे टेबल, आणि टेबलावरच्या सगळ्या माना आमच्याकडे वळलेल्या.

वाईट काम करून दाखवायला मला काही प्रयत्न करावे लागले नाहीत. पहिली स्प्रिंग साहेबांच्या चहात गेली. दुसरी कपाटाखाली गेली, ती शोधायला साहेब स्वतः वाकले. पट्टी उलटी बसायची, झाकण वाकडं दबायचं. कपाळावरून घाम ओघळून माझ्या हातावर पडत होता. बऱ्याच वेळाने ट्रेमध्ये जे काही जमलं होतं त्यातला एक स्विच साहेबांनी उचलून दाबला, तर तो उघडून त्यांच्या हातात आला.

“ठीक आहे,” ते म्हणाले, “तुम्हाला जमत नाही. पण तुम्हाला सवय नाही, मॅडम. त्यांना आहे. यावरून टार्गेट कसं कमी करू?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. स्वतःची शोभा करून घ्यायचं मी ठरवलं होतं, त्यापुढचं काही ठरवलंच नव्हतं. मी मान खाली घालून पुढची स्प्रिंग उचलली, कारण थांबले असते तर रडू आलं असतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि मावशी आत आल्या. साहेबांच्या केबिनमध्ये टेबलावरची बाई न बोलावता कधी येत नाही. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, माझ्या डाव्या बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोरच्या ढिगातला निम्मा माल आपल्याकडे ओढून घेतला. न मिटणाऱ्या बोटांचा हात टेकू म्हणून धरून त्या स्प्रिंग बसवत होत्या. जितक्या वेळात माझा एक होईना, तितक्यात त्यांचे दोन-तीन होत होते.

“तुमी सायबांशी बोला,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमचं मी करते.”

मग मी बोलले. कल्याणच्या वर्गातला एकही शब्द त्यात आला नाही. पातीचं सांगितलं, मधल्या जागेचं सांगितलं, माझा ट्रे कुणी भरला ते सांगितलं. ट्रे मोजू नका, टेबल मोजा, म्हटलं. मधेच तोंडातून हिंदीही निघून गेलं.

साहेब ऐकत होते, पण बघत होते मावशींच्या हाताकडे. “मावशी,” ते म्हणाले, “तुमचा ट्रे तिकडे अर्धा रिकामा आहे. नोकरी जाईल म्हणून सांगितलंय ना तुम्हाला? मग तो सोडून इकडे कशाला आलात?”

“म्याडम मागं पडल्या ना,” मावशी म्हणाल्या.

साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चहाच्या कपातली स्प्रिंग चमच्याने काढून बशीत ठेवली. मग मला म्हणाले, “स्टिकर काढून टाका. जुनंच टार्गेट ठेवू, अख्ख्या टेबलाचं मिळून.”

“आणि मावशी?” मी विचारलं.

“त्या राहू देत,” साहेब म्हणाले. “नाहीतर तुमचं काम कोण करणार?”

मी हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. मावशींनी मान वर केली नाही. माझ्या वाट्याचा थोडा माल अजून उरला होता.