साहेबाची सुरी आणि खंडेनवमी

सिंगापुरात मला पोलिसांनी रक्ताळलेल्या सुरीसकट धरलं होतं. त्यातलं रक्त तेवढं खोटं, बाकी सगळं खरं.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. तिसरीत मी बराच मुक्काम केला असं मास्तर म्हणायचे. पण रानडुक्कर सोलावं तर मीच! कायदा यायच्या आधी आमच्या डोंगरात पारध व्हायची आणि जनावर पडलं की सगळा गाव माझी वाट बघायचा. कातडं असं उतरवायचो की कुठे भोक नाही. वाटे असे पाडायचो की कुणाची कुरकुर नाही. (सख्खे भाऊ सोडून. ते अजून कुरकुरतात.)

असा माणूस पोराच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत येऊन बसला की त्यानं करायचं काय? आमचा संदीप इथे कॉम्प्युटरवाला. रोज सकाळी माझ्या पाया पडतो आणि बजावतो, "आबा, तुम्ही आराम करा." भाजी आणतो म्हटलं, तर ती फोनवरून मागवलेली. नळ गळतोय म्हटलं, तर "मॅनेजमेंटचा माणूस येईल, तुम्ही बसा." बसून बसून माझी पाठ सोफ्याच्या आकाराची झाली!

तेवढ्यात संदीपचा साहेब नोकरी सोडून आपल्या देशी, न्यूझीलंडला निघाला. साहेबाला हरणाच्या शिकारीचा नाद. निरोपाची भेट आणायचं काम संदीपकडे आलं. "शिकारीची सुरी द्यावी म्हणतोय," जेवताना तो म्हणाला, "पण त्यातलं मला काय कळतंय!"

मी घास तसाच ताटात ठेवला. या देशात आल्यापासून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो.

दुकानात भिंतभर सुऱ्या. मालक चिनी, माझ्याच वयाचा. त्यानं हातभर लांब, पाठीला करवतीचे दात असलेली सुरी पुढे केली. संदीपचे डोळे लकाकले.

"ठेव खाली," मी म्हणालो. "हरीण सोलायचंय की फणसाचं झाड पाडायचंय? लांब पात्याचं टोक पोटात घुसतं, आतडं फुटतं. मग ते मटण कुत्रंसुद्धा हुंगत नाही."

"मग ही बघा. मिटते, खिशात मावते," संदीप म्हणाला.

"मिटते तिथे सांध्यात चरबी न् केस अडकतात. रानात धुशील कशानं? अखंड हवी. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं."

मग मी मालकाकडे पाणी मागितलं. त्याला वाटलं, म्हातारा तहानलाय. मी ते तळहातावर ओतून एकेक मूठ आवळून बघायला लागलो! रक्ताचा हात घसरतो, कोरड्या हातानं बघून काय कळणार?

"अंकल!" मालक ओरडला. "धिस शॉप, नॉट स्विमिंग पूल लाह!"

शेवटी निवडली ती चार बोटं पात्याची, पोटाशी गोलाई असलेली, टोक जरा खाली उतरलेली, खरबरीत मुठीची. संदीपचं तोंड पडलं. "एवढीशी? साहेबाला वाटेल सफरचंद कापायला दिली."

"त्याला एक हरीण सोलू दे. तो स्वतः सांगेल."

मला तेवढंच हवं होतं. साहेबानं तिकडून कळवावं, सुरी झकास चालली, आणि ते संदीपनं ऐकावं.

निरोपसमारंभ आला नेमका खंडेनवमीला. घरात नवंकोरं हत्यार आणि त्याची पूजा नाही? माझ्या हयातीत तरी नाही! सकाळी मी सुरी पेटीतून काढली, पाटावर मांडली. हळद, कुंकू, झेंडू. रिकामी पेटी बरी नव्हे म्हणून सुरीच्या मखमली खाचेत एक हळकुंड न् सुपारी ठेवली आणि पेटी होती तिथे ठेवून दिली. समारंभ संध्याकाळी, तोवर परत भरू.

संदीप पेटी घेऊन सकाळीच ऑफिसला गेला.

हे कळलं दुपारी. फोन केला तर तो उचलेना. मी उठलो. "मी नेऊन देतो!"

"अहो, पूजलेलं हत्यार आज हलवायचं नसतं," ही म्हणाली.

"मग साहेबाला हळकुंड देऊ?"

हिनं तोड काढली. हलवायचंच तर पूजेसकट हलवा, कुंकू पुसायचं नाही. मी सुरी ओल्या कुंकवासकट पांढऱ्या पंच्यात गुंडाळली, पिशवीत घातली आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो. बुओना व्हिस्टा ते संदीपच्या ऑफिसचं पाया लेबार, हिरव्या लाईनीनं सरळ.

गाडीत शेजारची बाई माझ्या पिशवीकडे बघून उठली. मग तिच्या पलीकडचा उठला. मग समोरचे. मला भरून आलं. म्हाताऱ्या माणसाचा केवढा मान राखतात इथे! मी ऐसपैस बसलो. खाली बघायचं सुचलं नाही. पंचा पिशवीबाहेर लोंबत होता, लालभडक.

पाया लेबारला दोन पोलीस माझीच वाट बघत होते.

"व्हॉट इज धिस, अंकल?"

"नाइफ," मी ताठ मानेनं सांगितलं. "फॉर माय सन्स बॉस."

"फॉर युवर सन्स... बॉस?"

"येस! टुडे बॉस लास्ट डे!"

दोघे एक पाऊल मागे सरले. माझं इंग्रजी इतकं जोरकस कधीच लागू पडलं नव्हतं! मग त्यातल्या सावळ्या, तरुण पोलिसानं पंचा अलगद उघडला. आतून चेंगरलेला झेंडू पडला. त्यानं बोटाला कुंकू लावून वास घेतला आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"आयुधपूजा, अंकल? माझ्या आईनं आज सकाळी माझ्या बाईकला लावलं!" (हे तो इंग्रजीत म्हणाला, पण कळलं.) तमिळ लेकरू! तरी संदीपच्या ऑफिसात फोन त्यानं केलाच. कायदा तो कायदा.

संदीप धावत आला. मागोमाग साहेबही, दात पिवळेजर्द! ऑफिसात त्याच्या हौसेला पार नव्हता, त्यानं पेटी आधीच उघडली होती. आतलं हळकुंड बघून संदीपनं कशीबशी थाप मारली की आमच्याकडे निरोपाला हेच देतात. साहेबानं आदरानं चावलं.

सगळं ऐकल्यावर साहेबानं सुरी दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली. संदीप माझ्याकडे बघत होता. रागानं की कशानं, मला ठरवता आलं नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी न्यूझीलंडहून फोटो आला. मी सोफ्यातून ताडकन उठलो. "कशी चालली म्हणतोय?"

संदीपनं फोटो दाखवला. दिवाणखान्याची भिंत. काचेच्या पेटीत माझी सुरी, कुंकवासकट. शेजारी वाळका झेंडू आणि दातांचे व्रण असलेलं हळकुंड.

"म्हणतोय, एवढी पवित्र वस्तू रक्तात कशी बुडवू? हरीण जुन्याच चाकूनं सोलतो." संदीपनं फोन खिशात घातला. "मिटणाऱ्या."

"देव केलात ना तिचा?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता ती कामाला कशी लागणार?"

तेवढ्यात नळ टपटपायला लागला. मी बाह्या सरसावून निघालो.

"आबा, तुम्ही बसा!" संदीप म्हणाला, आणि नेमानं माझ्या पाया पडून ऑफिसला गेला.

मी बसलो. आता माझ्यापुढे फक्त काच लावायची राहिली आहे!