माझं दुखणं खरं मानणारी शुभा

शुभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खालापूरला एसटीची वाट बघत उभा होतो. धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, आपली शुभा..." एसटी आली नि गेली, मी चढलोच नाही. महिना होऊन गेला. मी चौथी नापास माणूस, पण तिच्याबद्दल मीच लिहिणार असं घरात सांगून टाकलंय. शुभा या भावाची मुलगी. मुंबईला प्रयोगशाळेत माणसाच्या नसांवर संशोधन करायची. पोरीला एवढं शिकवू नको, असं भावाला सांगणारा मीच. तिला ते ठाऊक होतं, पण कधी बोलून दाखवलं नाही तिनं.

चार वर्षांमागं माझी डावी पोटरी बिघडली. लोधिवलीच्या रस्त्याला जरा चाललो की आग व्हायची, पाच मिनिटं टेकलो की गायब. हाडाचा फोटो काढला, तो साफ. भाताच्या लावणीला दोन ओळी लावायचो नि बांधावर बसायचो. शेजारचा बाळू चिखलातनं ओरडला, "तात्या, गुणी दुखणं हाय तुमचं! कामाला उठलं की येतं, बसलं की जातं!" सगळं खाचर हसलं. जन्मभर माझ्या आधी कुणी चिखलात उतरलं नव्हतं... त्या दिवशी मी जेवलो नाय.

गणपतीत शुभा आली. तिनं विचारलं, "किती चालल्यावर दुखतं, तात्या?" असं कुणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, आंब्यापर्यंत. तर बाई माझ्यासंगं आंब्यापर्यंत चालली, माझं पाऊल हातात घेऊन नाडी शोधत बसली. मग बांधाकडं बोट केलं. "पाणी सोडायच्या तोंडात तुमी दगड बसवता ना? दुखणं कळवणाऱ्या नसेच्या टोकाला अशीच तोंडं असतात, डोळ्याला न दिसणारी. त्यात कॅल्शियमचा कण दगडासारखा बसतो. चालताना पोटरीला रक्त कमी पडलं की तिथं आम्ल साठतं. ते दगडाला ढकलून काढतं, तोंड उघडतं, नि नस कळवते, दुखतंय. त्यात दमलेली पोटरी जे सोडते, ते आजूबाजूचं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून दगड आणखी लवकर सुटतो. बसलात की रक्त आम्ल धुऊन नेतं, दगड परत जागेवर."

"म्हंजे नाटक नाय?"

"नाटक कसलं? तुमची नस खरं सांगते."

माझे डोळे भरले. बिडीचा धूर डोळ्यात गेला म्हटलं.

आता मी हट्टी. कॅल्शियम म्हणजे चुना, एवढं मला कळत होतं. दगड मोठा करायचा म्हणून पानाला दुप्पट चुना फासायला लागलो. चौथ्या दिवशी तोंड सोललं. फोनवर शुभा हसून हसून दमली, मग तापली. "तात्या, रक्तातलं कॅल्शियम शरीर मापात ठेवतं, ते तुमच्या डबीला विचारत नाय! रक्ताची वाट अरुंद झालीय, ती मोकळी करायची. बिडी सोडा."

"नाय सोडणार."

"मग पाय सोडा."

स्वतः येऊन दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीत मांडीतली रक्तवाहिनी चोंदलेली निघाली. आणखी थांबलो असतो तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. औषधं चालू झाली, बिडी सुटली. यंदा लावणीला मी शेवटपर्यंत चिखलात होतो. बाळूनं रोपांच्या जुड्या, आमचे आवे, स्वतःहून माझ्या हातात दिले.

तोवर शुभाच अंथरुणाला खिळली होती. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "लय दुखतंय का गं?" म्हणाली, "दुखतं, तात्या. नाटक नाय." आणि हसली...

परवा आमची मंडळी चुलीपाशी म्हणाली, खांदा दुखतोय. मी आजवर म्हणत आलो, सगळ्यांचंच दुखतं. त्या दिवशी कप खाली ठेवला, तिच्याजवळ सरकलो. "कुठं? सांग."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "शुभाची सवय लागली वाटतं तुमाला," म्हणाली. मग सांगू लागली. कितीतरी वेळ सांगत होती.