सहावं रीळ

सुभद्रामावशी रीळ कानाला लावायच्या. डोळे मिटून त्याची मूठ हळूहळू फिरवायच्या आणि आतला आवाज ऐकायच्या. त्या वेळी खोलीत कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. समोर गिऱ्हाईक असो की माझी आई, "गप. आयकूक दी," असं सरळ म्हणायच्या. मग रीळ खाली ठेवून सांगायच्या, "रेती गेलीसा," किंवा "दात झिजलो." रीळ उघडलं की तेच निघायचं.

ही रिळं गळाने मासे गरवायची. मालाडच्या आमच्या चाळीत मावशी शेजारच्या खोलीत एकट्याच राहायच्या. बावीस वर्षं त्यांनी गिरणीच्या रिळिंग खात्यात काढली होती. संपानंतर गिरणी उघडली ती त्यांना न घेता. पुढे मार्व्याच्या खाडीत हौसेने गरवायला जाणाऱ्या एका गृहस्थाने गुंता झालेली तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, त्यांच्याकडे सोडवायला आणली. मावशींनी ती सोडवलीच, शिवाय रीळ उघडून आतला गंजही काढून दिला. तिथून हळूहळू गिऱ्हाईकं येऊ लागली.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे चाळीतल्या मुलींत माझं मराठी पुस्तकी वाटायचं आणि त्या हसायच्या. मी बोलणंच कमी केलं. मावशींना मात्र ते आवडलं. "ह्यां चेडू बरां. बोलणाच नाय," असं आईला सांगून त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. रिळांबरोबर आलेली इंग्रजी माहितीपत्रकं मी वाचून दाखवायची आणि त्या मान हलवायच्या. बरेचदा त्यांना ते आधीच ठाऊक असायचं.

गळाला आमिष म्हणून लावायचे लाकडी मासेही त्या करायच्या. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, छत्रीची तार, चहाच्या पुड्यातली चांदी, वरून लाल नेलपॉलिश. ती बाटली माझी होती आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. तयार मासा दोऱ्याला बांधून त्या पाण्याच्या टबात ओढून बघायच्या. एकदा मी एक सुबक, सरळ पोहणारा मासा त्यांना दाखवला. त्यांनी नाक मुरडलं. "ह्यो फिराक चल्लो. मासो घाबरलेलो दिसाक व्हयो, तर जिताडो धावता." आणि मासा परत तासायला घेतला.

त्या वर्षी हौशी गरवणाऱ्यांच्या एका क्लबने मार्व्याच्या धक्क्यावर जिताडा, म्हणजे खाडीतला मोठा मासा, पकडायची स्पर्धा ठेवली. क्लबचे सेक्रेटरी कर्णिक आठ रिळं घेऊन मावशींकडे आले. दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, ही रविवारी चालली तर क्लबची सगळी रिळं वर्षभर तुमच्याकडे. नाहीतर फोर्टातलं दुकान आहेच आमचं." मावशींनी आठही रिळं एकेक करून कानाला लावली. कर्णिक घड्याळ बघत राहिले. मावशींकडे त्या वेळी दुसरं काही काम नव्हतं. गावाहून भावाची पत्रं येत होती, मुंबई सोडून ये म्हणून, आणि त्यांना जायचं नव्हतं. हे काम मिळालं तर त्या राहणार होत्या.

मासा ओढायला लागला की रिळाला तंगूस सोडत राहावं लागतं, एकसारखी, नाहीतर ती तुटते. ते सोडणं सांभाळतात आतले वायसर, म्हणजे चामड्याच्या चकत्या. आठही रिळांत एकेक वायसर कडक झाला होता. मावशींनी जुन्या चपलेच्या चामड्याचे नवे वायसर कापले आणि वाटीत एरंडेलात भिजत घातले. काढलेले जुने एका झाकणात बाजूला ठेवले. शुक्रवारी त्या नळावर गेल्या असताना माझ्या ओढणीने वाटी आणि झाकण दोन्ही खाली ओढलं. नवे-जुने वायसर लादीवर एकत्र पसरले. मी घाईने वेचले. तेलाने सगळे काळे दिसत होते. नवे वाटले ते आठ वाटीत ताज्या तेलात टाकले, उरलेले झाकणात ठेवले, लादी पुसली, आणि मावशी हंडा घेऊन आत आल्या तेव्हा माहितीपत्रक वाचत बसले होते.

मी काही बोलले नाही. आठ तर आहेत, असं मनाशी म्हणत राहिले.

शनिवारी सकाळी मावशींनी वायसर बसवले, रात्रभर तेल प्यालेले सगळे हाताला सारखेच लागत होते; दुपारी कर्णिकांचा माणूस रिळं घेऊन गेला. संध्याकाळी मावशींनी मला झाकण रिकामं करायला सांगितलं. त्यातल्या एका वायसरची कड स्वच्छ, नुकती कापलेली होती. म्हणजे त्याच्या जागी एक जुना वायसर कुठल्यातरी रिळात गेला होता. मावशी दारात आईशी हसून बोलत होत्या. भावाला पत्र टाकते म्हणत होत्या, आता येत नाय म्हणून. मी नवा वायसर मुठीत धरला आणि घरी जाऊन जेवले.

रविवारी सकाळी त्यांनी मला पिशवी धरायला बरोबर नेलं. धक्क्यावर पंचवीस-तीस पुरुष होते, काठ्यांना रिळं लावून तयार. कर्णिक शिट्टी हातात घेऊन भरतीची वेळ बघत होते. मी मावशींचा पदर ओढला आणि मूठ उघडून दाखवली. "शुक्रवारी सांडले होते," एवढंच जमलं.

त्यांनी वायसरकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावल्या नाहीत. चालत कर्णिकांसमोर गेल्या. "शिट्टी मारू नका. माझी आठ रिळां परत द्या."

"आता? बाई, भरती कोणासाठी थांबत नाही."

"एकात खोट आसा. बघूक व्हयी."

"मग शनिवारी काय बघितलंत?"

"माझी चूक झाली," मावशी म्हणाल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

नुसत्या हाताने फिरवून खोट कळणार नव्हती, ओढ हवी होती. मावशींनी पहिल्या रिळाची तंगूस माझ्या हातात दिली. "धर आणि चाल. अटकला तर बोल."

मी धक्क्यावरून चालत गेले. दोन्ही बाजूंना माणसं बघत होती. कोणीतरी म्हणालं, "जिताडा बरा गावला आज." हसले सगळे. तंगूस एकसारखी सुटत होती. दुसरं रीळ, तिसरं. दर वेळी परत यायचं, पुढच्या रिळाचं टोक घ्यायचं, पुन्हा चालायचं. पाचव्यालाही काही नाही. कर्णिक शिट्टी हातावर आपटत होते. सहाव्या रिळाला पंधरा पावलांवर बोटांना बारीक हिसका बसला. सुटलं, पुन्हा हिसका. मी थांबले.

"काय ता?" मावशी तिकडून ओरडल्या.

"अडकतंय," मी पुटपुटले.

"मोठ्यान बोल. माका हयसर आयकूक येणा नाय."

"अडकतंय!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी त्याआधी कधीच बोलले नव्हते.

मावशींनी तिथेच मांडी घालून रीळ उघडलं, वायसर बदलला, दहा मिनिटांत बंद केलं. शिट्टी वीस मिनिटं उशिरा झाली. संध्याकाळपर्यंत तीन जिताडे लागले. सहाव्या रिळाला दिवसभरात एक मासाही लागला नाही.

क्लबचं काम फोर्टातल्या दुकानाकडे गेलं. कर्णिकांनी मावशींचे पैसे चोख दिले आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा, पण ऐन वेळी रिळं उघडणारा माणूस आम्हाला परवडत नाही."

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "मी बोलले नसते तर काम मिळालं असतं. त्या रिळाला मासाच लागला नाही."

मावशी म्हणाल्या, "रिळातली खोट माका कधीतरी गावली असती. दोन दिस तू गप रवलंस, ती खोट मी खंय शोधू?" तिकीट पिशवीत ठेवत म्हणाल्या, "वायसर सांडतत. माझ्याकडसूनय सांडले."

त्यानंतर त्यांनी मला कामावरून उठवलं नाही. फक्त एक बदल झाला. रीळ उघडताना मी एकेक भाग फडक्यावर ठेवायची आणि त्या म्हणायच्या, "बोल." मग मी ठेवतानाच मोठ्याने सांगायची, हा पितळी, हा चामड्याचा, ही कमान. गप बसलेलं त्यांना आता चालत नसे. रीळ कानाला लावल्यावर तेवढं चालायचं.

सुटी गिऱ्हाईकं येत राहिली, पण ती पुरेशी नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात मावशी गावी जायला निघाल्या. खोलीत एक ट्रंक आणि एक वळकटी उरली होती. भावाचा मुलगा टॅक्सी आणायला गेला होता. मी दारात उभी होते. मावशींनी चष्मा पुसला, डोळ्यांवर लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"बोल," त्या म्हणाल्या.

"जाऊ नका," मी म्हटलं. चाळीतल्या तीन खोल्यांना ऐकू गेलं असावं.

"जावक तर व्हयाच," त्या म्हणाल्या. "पण ह्यां तू येळेर सांगलंस."