नादारीच्या अर्जातली एक ओळ

पनवेल कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. एकदा मासळी विकणारी एक बाई तिच्या वकिलांचा मसुदा घेऊन नादारीचा अर्ज टाइप करून घ्यायला आली. नवऱ्याच्या आजारपणात झालेलं कर्ज तिच्याच्यानं फिटणार नव्हतं. केसांत अबोलीचा गजरा, आणि स्टुलावर बसली ती अशी, जणू दुकान तिचंच.

"बाला, माझी कोयती नि टोपल्या नेतील काय?"

"पोटापाण्याची हत्यारं जप्तीत नेत नाहीत, मावशी."

"मंग वकिलाला सांग, तारीख सोमवारची घे. सोमवारी मासली कोन खात नाय."

वकिलांचा मसुदा मोठ्यानं वाचत मी टाइप करू लागलो. 'व्यवसाय: काही नाही' म्हणताच ती ताडकन उठली.

"कोन बोलला? पोरगी होते तवापासून खाडीची निवटी इकते मी. नादार लिव, पन बिनकामाची नको लिवू."

"वकील रागावतील."

"त्याला मी बघते."

मी 'व्यवसाय: मासेविक्री' लिहून वाचून दाखवलं. ती संगणकाच्या पडद्याकडे वाकली.

"जरा मोठं कर ना."

कोर्टाच्या कागदात सगळी अक्षरं एकाच मापाची लागतात. तरी ती ओळ मी ठळक केली.