प्रांजलीचे गुण काहून घसरले

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही — तेवढंच कारण असेल.

नागपुरात एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवते. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारा क्लास. दर रविवारी मुलांचा सातशेवीस गुणांचा सराव पेपर असतो, आणि तिन्ही विषयांचे प्रश्न शेवटी एकत्र जुळवते ती मीच.

सरावाचे गुण वरखाली होतातच. एखाद्या रविवारी पक्के धडे येतात, एखाद्या रविवारी नेमके कच्चे. कुणाच्या अंगात ताप असतो, कुणाचे चार अंदाज बरोबर लागतात. वीस-तीस गुणांनी मूल हललं तर त्यात काळजीचं काही नाही. हे पालकांना मी इतक्यांदा समजावलंय — पण मला ते सांगायचं नाहीये. मी पुन्हा आडवळणानं चालले आहे.

प्रांजली भिवापूरची. वडिलांची तिथे मिरची दळायची चक्की. बारावीला ती लकडगंजला मावशीकडे राहायची आणि सायकलनं क्लासला यायची. बुजरी, पण एकदा गणित हातात घेतलं की सोडायची नाही. तिचे गुण पाचशेऐंशी. पुढल्या रविवारी चारशेवीस. मग पाचशेपंच्याऐंशी. मग चारशेदहा.

जानेवारीत ती स्टाफरूमच्या दारात आली. हातात एक वही. त्यात तिनं प्रत्येक रविवार लिहिला होता — किती तास झोपले, सकाळी काय खाल्लं, शेजारी कोण बसलं होतं, कुठला पेन. एका वाईट रविवारी पेपरआधी तर्री-पोहे खाल्ले होते, म्हणून तिनं ते सोडले. भिवापूरला जाणं सोडलं. मैत्रिणीशेजारी बसणं सोडलं. तरी गुण पडायचे ते पडतच होते.

“मॅडम, माझं काय चुकून राहिलं? काहून असं होते?” तिनं विचारलं.

तिचं काहीच चुकत नव्हतं. मला ते माहीत होतं, कारण ते मीच करत होते.

आमच्या संचालकांचा क्रम ठरलेला होता. एक पेपर खऱ्या परीक्षेसारखा काढायचा, म्हणजे मुलं क्लास सोडून जात नाहीत. त्यानंतरचा असा, की त्यातले निम्मे प्रश्न खऱ्या परीक्षेत कधी येणारच नाहीत. मुलं घाबरली की शेवटच्या जादा बॅचला नावं नोंदवतात. गुण ज्याचे त्यालाच कळवायचे, म्हणजे सगळ्यांचेच पडलेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्यांदा त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली होती. दुसऱ्यांदा तेवढीही घातली नाही. प्रांजलीचे पाचशेऐंशी आणि पाचशेपंच्याऐंशी हेच तिचे खरे गुण होते. बाकीचे माझे.

एक वाक्य पुरलं असतं — पोरी, तो पेपरच तसा काढला होता. काय झालं असतं? तिनं चार जणींना सांगितलं असतं, संचालकांच्या कानावर गेलं असतं, माझी नोकरी गेली असती. कदाचित. कदाचित काहीच झालं नसतं. तेवढं जोखायलाही मी थांबले नाही.

मी म्हणाले, “अभ्यास आहे तुझा, पण मन थाऱ्यावर नाही.”

तिनं ते उभ्या उभ्या वहीत लिहून घेतलं. माझ्यासमोर.

पुढे ती सोपे प्रश्नही तीनतीनदा तपासायला लागली. बोटांची कातडी सोलायची. एप्रिलमध्ये हॉल तिकीट आलं आणि पाठोपाठ तिचे वडील आले. अंगाला मिरचीचा वास, पायातल्या चपला बाहेर काढून आत आलेले.

“पोरगी रोज रडून राहिली, मॅडम. तिले यंदा बसवू का नको? तुम्ही म्हणसान तसं करू.”

परीक्षेला बसू द्या — एवढंच म्हणायचं होतं. बसू द्या, ती काढेल. पण मग त्यांनी चारशेदहाबद्दल विचारलं असतं ना? मी म्हणाले, “यंदा कठीणच दिसतंय.”

ते मान हलवून गेले. प्रांजली परीक्षेला गेली नाही. परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी मी खरा पेपर सोडवला. सगळा ओळखीचा होता. तिला जमणाऱ्या पेपरांसारखाच. तिच्यापेक्षा कमी गुण पडणारी आमची दोन मुलं त्या वर्षी मेडिकलला लागली. क्लासबाहेरच्या फलकावर त्यांचे फोटो झळकले आणि सत्काराच्या वेळी व्यासपीठावर मीही उभी होते. हसत.

वडिलांनी तिला पुन्हा पाठवलं नाही.

सहा वर्षांनी, म्हणजे गेल्या मे महिन्यात, थायरॉईडच्या तपासणीसाठी मी धरमपेठेतल्या एका लॅबमध्ये गेले. रक्त घ्यायला समोर प्रांजली. तिनं मला लगेच ओळखलं. वाकून पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

“डॉक्टर होणं माझ्याच्यानं झालं नसतं, मॅडम,” सुई काढताना ती म्हणाली. “तुम्ही बाबांले वेळेवर सांगतलं ते बरं केलं. उगाच आणखी एक वर्ष गेलं असतं.” अगदी मनापासून म्हणाली. माझ्या हातावर कापूस दाबून धरला होता तिनं.

आता? आता तरी? खोलीत आम्ही दोघीच होतो. तोंड उघडलं — आणि मी लॅबची वेळ विचारली. किती वाजेपर्यंत उघडी असते म्हणून.

मग ती म्हणाली, “धाकटी श्रेया बारावीत गेली. तिले तुमच्याच क्लासमध्ये टाकून राहिलो. तुम्ही आहा म्हणून बाबा तयार झाले.”

“टाक,” मी म्हणाले.

श्रेया जूनपासून येते. समोरच्याच बाकावर बसते. पहिल्या रविवारी तिला पाचशेसाठ मिळाले आणि वडिलांचा मला फोन आला, आभार मानायला. दुसऱ्या रविवारचा पेपर मी काढून दिला आहे.