कढीची माफी

आमच्या मोठ्या जाऊबाई देवीसमोर कान धरतात. खरोखरचे, दोन्ही हातांनी. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी नैवेद्य दाखवून झाला, की देवी जेवायला बसते म्हणून पडदा ओढतात, त्याच्या आधी त्या दोन्ही मुखवट्यांसमोर उभ्या राहतात, कान पकडतात आणि म्हणतात, "माय वो, जाणता-अजाणता काही चुकलं असन तर पदरात घे." डोळ्यांत पाणी असतं. ते नाटक नसतं, हे मी आधीच सांगून टाकते. नाटक असतं तर माझं डोकं एवढं फिरलंच नसतं.

आणि चुकलेलं काय असतं? कढी फुटली. आरतीच्या वेळी समई विझली. सोळा भाज्यांतली एक रायपूरच्या बाजारात मिळालीच नाही. कढी फुटली त्या वर्षी तर बाई रात्री जेवल्या नाहीत. सुनेनं ताट वाढून आणलं तर म्हणाल्या, देवी उपाशी गेली, मी कोणत्या तोंडानं खाऊ?

आम्ही तिघी जावा. महालक्ष्म्या मोठ्यांच्या घरी, समता कॉलोनीत बसतात. मी मधली, शंकर नगरहून स्कूटी हाकत पहाटेच जाते. धाकटी रेल्वेच्या क्वार्टरमधून यायची. पुरण तिचं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून पुरणयंत्र तिच्याच हातात, आणि तिच्या पुरणाला कोणी नाव ठेवलं असेल तर शपथ. मोठ्या ताईच पाहुण्यांना सांगायच्या, धाकटीचा हात लागल्याशिवाय आमच्या महालक्ष्म्या जेवत नाहीत.

मग धाकटे भाऊजी गेले. ड्यूटीवर असतानाच छातीत कळ आली आणि संपलं. धाकटीला त्यांच्या जागेवर नोकरी लागली. वर्ष उलटलं, महालक्ष्म्या आल्या आणि ती सवयीनं भल्या पहाटे आली, पदर खोचून डाळ उपसली, यंत्र पुढ्यात ओढलं. मोठ्या ताई आल्या आणि तिच्या हातातून ते यंत्र काढून घेतलं. हळूच घेतलं हो, अगदी मायेनं. "तू आता मागच्या अंगणात बस बाई. भाज्या चीर. नैवेद्याले हात नको लावू. वाईट नको वाटून घेऊ, नियमच आहे."

धाकटीची पोरगी तेव्हा दहावीत होती. ती म्हणाली, "बड़ी मम्मी, ये क्या बात हुई?" तर ताई म्हणाल्या, पोट्टीले बोलायचं वळण नाही. आरतीला धाकटी दारापर्यंत आली, तर ताईंनी डोळ्यांनीच तिला थांबवलं. सगळ्या सवाष्णी जेवून उठल्यावर मागे तिचं ताट गेलं. आणि त्याच दिवशी ताईंनी कान धरले. कढीसाठी! मी बाजूला उभी होते. मला वाटलं, ताट आपटावं.

त्यानंतर दर वर्षी हेच. मी धाकटीला म्हटलं, "काहून येतेस तू? नको येत जाऊ." ती म्हणाली, "ताई, मले आत बसायची हौस नाही. पण माह्या पोरीनं पाहिलं ना ते. मोठ्या ताईनं एकदा, फक्त एकदा म्हणावं, की माह्या हातून चुकलं. पोरीसमोर म्हणावं. मग मी आली काय अन नाही आली काय." एवढंच मागणं होतं तिचं. मी म्हटलं, म्हणतील, मी वदवून घेईन.

डोंबल! मी काय काय नाही केलं. प्रेमानं सांगितलं, टोमणे मारले, दोनदा कडकडून भांडले. ताई दर वेळी चकित. "मी? धाकटीले दुखवलं? अवो, माझी लहान बहीण आहे ती. मी तर मुंगीवर पाय पडला तरी राम राम म्हणते." रोज सकाळी मोबाईलवर प्रवचन ऐकतात त्या, अहंकार वाईट, दुसऱ्याचं मन दुखवू नये. ऐकून मान हलवतात आणि म्हणतात, "लोकांले कसं समजत नाही वो?" आता या बाईला काय म्हणावं? भिंतीवर डोकं आपटायचं फक्त बाकी होतं माझं.

शेवटी पूजेला येणाऱ्या गुरुजींनाच धरलं. म्हटलं, "गुरुजी, पाप करणाऱ्याला कळतं का हो, की आपण पाप करतोय?" ते म्हणाले, "कळलं तर पश्चात्ताप होतो, आणि पश्चात्तापानं पाप धुतलं जातं." मी म्हटलं, "आणि कळलंच नाही तर?" ते म्हणाले, "म्हणून तर आपण जाणता-अजाणता म्हणतो, ताई." म्हणजे झालं! न कळलेलंही त्याच एका वाक्यात माफ. ज्याचं मन दुखलं त्याला कोणी विचारायलाच नको. मी एवढी चिडले की दक्षिणा द्यायची विसरले, गुरुजींनाच आठवण करावी लागली.

दोन वर्षांपूर्वी मोठे भाऊजी गेले. सिलतऱ्याच्या कारखान्यात जन्म काढला, निवृत्त होऊन घरी बसल्यावर खोकल्यानं धरलं ते सोडलंच नाही. मला दुःख झालं, खूप झालं, माणूस देव होता. पण खरं सांगते, मनात एक विचार आलाच, की आता ताईंना कळेल. आता नाही कळलं तर कधी कळणार?

गेल्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यंदा बसल्या. सून म्हणाली, आता सगळं तुम्ही बघा काकू. मी पोचले तर ताई आपणहून मागच्या अंगणात पाटावर बसलेल्या, समोर दोडके आणि विळी. शेजारी धाकटी भोपळा चिरत होती, नेहमीसारखी. ताईंनी डोळ्यांना पदर लावला. "कोणी केले वो असे नियम? जित्या माणसाले असं मागं बसवते का कोणी? जीव किती तुटते, त्यायले काय माहीत!"

मी दारातच उभी. आता वळतील, आता धाकटीकडे बघतील. ताईंनी दोडका उचलला आणि त्याच्या शिरा काढायला लागल्या.

धाकटी उठली. हात धुतले. ताईंना हाताला धरून उठवलं, म्हणाली, "चला ताई, आत चला. देवी वाट पाहून राहिली." आणि नेलं की सरळ महालक्ष्म्यांसमोर! सगळ्या सवाष्णी बघत राहिल्या. ताईंनी देवीला हळद-कुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला, मग कान धरले. "माय वो, यंदा कढी जराशी पातळ झाली, पदरात घे." आणि वळून पाहुण्यांना म्हणाल्या, "आमच्या घरात असला भेद नाही हो. आम्ही पहिल्यापासून सगळ्याइले सोबत घेऊन चालतो."

माझा तोल गेला. "ताई! पुरणयंत्र तुम्हीच घेतलं होतं ना हिच्या हातातून? तुम्हीच बसवलं ना हिला मागे, इतकी वर्षं?"

ताईंचा चेहरा पांढरा पडला. चोरी पकडल्यावर पडतो तसा नव्हे. कोणी भलताच आळ घेतल्यावर पडतो तसा. "मी? बाप्पा! देवीसमोर असं खोटं काहून बोलतेस तू?" आणि त्या रडायला लागल्या. सवाष्णी माझ्याकडे बघायला लागल्या. धाकटीची पोरगी, आता कॉलेज संपवलेली, भिंतीला टेकून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "रहने दो ना।" आणि बाहेर गेली.

सगळे गेल्यावर मोरीपाशी धाकटी पुरणयंत्र घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. माझा राग जिरला नव्हता. "तूच काहून नेलंस त्यांना आत? तुले राग नाही येत?"

"येते ना. खूप येते." तिनं यंत्राच्या जाळीत अडकलेली डाळ काडीनं काढली. "पण त्या खोटं नव्हत्या बोलत, ताई. त्यायले खरंच आठवत नाही. आठवलं असतं तर मी केव्हाचीच माफ करून मोकळी झाली असती. आता कोणाले माफ करू, सांगा?"