आतोबांचा उलटा

आमच्या आतोबांइतका झाडांच्या खोडांकडे बघत जगलेला माणूस उभ्या नागपुरात दुसरा नसेल. धंदा हातमागाचा, पण मागावर बसलेले ते मला जितके आठवतात, त्याहून दारच्या कडुलिंबाशी मान वाकडी करून उभे असलेले जास्त आठवतात. गांधीबागेतला व्यापारी लुगडी न्यायला आला तरी त्याला आधी पाखरं समजून घ्यावी लागत. सुतारपक्ष्याला शेपटीचा टेकू लागतो. ठिपक्यांचं ते सालीच्या रंगाचं पाखरू नुसतं वर चढतं, शेंड्याजवळ पोचलं की उडून दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी जातं आणि पुन्हा चढायला लागतं. आणि आतोबांचं लाडकं, पाठीला निळसर, पोटाला तांबूस, डोकं खाली करून खोडावरून सरळ उतरतं. त्याला ते ‘उलटा’ म्हणत. "चढाले काय, कोणीही चढते. उतरता आलं पाह्यजे गा," असं ते व्यापाऱ्याला सांगत. गिरणीच्या कापडापुढे हातमाग तेव्हा उतरणीलाच लागला होता, त्यामुळे तो बिचारा मान डोलावून लुगडी मोजायला घेई.

एकदा रस्त्यावर ताण्याचे उभे धागे पसरून सुताला पिठाची खळ लावताना उलटा दिसला. आतोबा कुंचा हातात धरून तसेच उभे राहिले. उन्हात खळ वाळली, धागे एकमेकांना चिकटले. आत्या दिवसभर ते सोडवत बसली. "पाखरू पोट भरून राहिलं, आपलं कोन भरन?" एवढंच ती म्हणाली.

एका उन्हाळ्यात उलट्याच्या मादीने कडुलिंबाच्या ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून आपल्यापुरतं लहान केलं. आत पिलांची चिवचिव सुरू झाली आणि आतोबांना जेवण गोड लागेनासं झालं, कारण उन्हाने त्या चिखलाला भेग पडली होती. सूत तुटू नये म्हणून जे जन्मभर केलं, तेच त्यांनी केलं. शिडी लावली आणि भेगेवर ज्वारीच्या पिठाची घट्ट खळ हलक्या हाताने लावून आले. त्या रात्री ते समाधानाने झोपले.

सकाळी बुंध्यापासून ढोलीपर्यंत मुंग्यांची रांग होती. पिठाच्या वासाने आलेल्या मुंग्या आत शिरल्या होत्या. चिवचिव थांबली होती. आतोबांची थट्टा करण्यात आम्ही सगळे पुढे असायचो. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या वर्षी उलटा त्याच झाडावर आला. आत्याने दारातून हाक मारली, "अहो, या नं बाहेर. तुमचा उलटा आला."

"तूच पाह्य वं," आतोबा मागावरून म्हणाले. "त्याले माझे हात माहीत आहेत."

आत्या मग दारातच उभी राहिली. तो आता कुठवर उतरला, ते ती त्यांना आत ऐकू जाईल असं सांगत होती. आत माग थांबलेला होता.